ओळख गावात, शस्त्रक्रिया केंद्रात
लाळग्रंथींच्या कर्करोगावरील उपचारांतील प्रादेशिक तफावत

कानाच्या पाळीखाली किंवा जबड्याच्या कोनाशी सुपारीएवढी गाठ येते. ती दुखत नाही, ताप आणत नाही, कामधंद्याच्या आड येत नाही. सुगी आटोपली की दाखवू, मुलीचे लग्न उरकले की पाहू, असे म्हणता म्हणता वर्ष उलटते. पुढे केव्हातरी जवळच्या मोठ्या गावी ती काढून टाकली जाते, टाके निघतात आणि प्रकरण मिटले असे घरचे समजतात. काही वर्षांनी गाठ त्याच जागी पुन्हा उभी राहते. या खेपेस एक डोळा नीट मिटत नाही आणि ओठाचा कोपरा खाली ओढलेला असतो. लाळग्रंथींच्या कर्करोगाचे काही रुग्ण मोठ्या रुग्णालयात पोहोचतात ते अशा वाटेने.

हाच रोग असलेला दुसरा रुग्ण गाठ दिसताच तज्ज्ञाकडे जातो. सुईने पेशी काढून तपासणी होते, चेहऱ्याची नस सांभाळून गाठ पूर्ण काढली जाते, आवश्यक तेथे विकिरणोपचार दिले जातात आणि तो आपल्या कामावर परततो. दोघांच्या नशिबात पडलेल्या या अंतराचे कारण पुष्कळदा रोगाच्या स्वरूपात सापडत नाही. ते सापडते पहिली शस्त्रक्रिया कोठे, केव्हा आणि कोणाच्या हातून झाली यात. प्रादेशिक तफावतीचा प्रश्न सिंचन, रस्ते किंवा वीज यांच्यापुरता मर्यादित नाही. कानाखालच्या एका गाठीच्या बाबतीतही तो तितकाच खरा आहे.

लाळग्रंथी आणि त्यांतील गाठी

मनुष्याच्या तोंडात लाळ निर्माण करणाऱ्या मोठ्या ग्रंथींच्या तीन जोड्या असतात. कानापुढे व कानाखाली गालात असलेली पॅरॉटिड ही सर्वांत मोठी. जबड्याच्या हाडाखाली दुसरी आणि जिभेखाली तिसरी. यांखेरीज टाळू, ओठ, गाल व घसा यांच्या अस्तरात शेकडो सूक्ष्म लाळग्रंथी विखुरलेल्या असतात. यांपैकी कोणत्याही ग्रंथीत गाठ होऊ शकते.

प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते, हे प्रथम स्पष्ट केले पाहिजे. पॅरॉटिडमधील सुमारे तीन-चतुर्थांश ते चार-पंचमांश गाठी साध्या असतात. जबड्याखालच्या ग्रंथीत मात्र जवळजवळ निम्म्या गाठी कर्करोगाच्या निघतात आणि टाळूसारख्या ठिकाणच्या सूक्ष्म ग्रंथींत हे प्रमाण निम्म्याहून अधिक असते. ग्रंथी जितकी लहान तितका संशय अधिक, असा साधा नियम वैद्यकीय विद्यार्थ्यांना यामुळेच शिकविला जातो.

गालगुंडाशी या गाठीची गल्लत होते. गालगुंड बहुधा लहान मुलांना होते, त्यात ताप येतो, गाल दुखतो आणि एक-दोन आठवड्यांत सूज ओसरते. ग्रंथीच्या नलिकेत खडा अडकला असेल तर जेवणाच्या वेळी सूज वाढते व नंतर कमी होते. याउलट प्रौढ व्यक्तीच्या एकाच बाजूस आलेली, न दुखणारी आणि तीन-चार आठवड्यांनंतरही न जाणारी गाठ तपासून घेणे अगत्याचे असते. गाठ झपाट्याने वाढणे, खालच्या भागास घट्ट चिकटणे, सतत दुखणे, मानेत आणखी गाठी येणे किंवा चेहऱ्याची एक बाजू लुळी पडणे ही धोक्याची चिन्हे होत. टाळूवर येणारी गुळगुळीत सूजही दुर्लक्षित राहू नये.

आणखी एक गैरसमज दूर होणे आवश्यक आहे. तोंडाच्या कर्करोगाविरुद्धच्या प्रचारामुळे तंबाखू व कर्करोग यांचे नाते आता घरोघरी ठाऊक झाले आहे आणि ते योग्यच आहे. परंतु लाळग्रंथींच्या कर्करोगाचा तंबाखूशी तसा निकटचा संबंध दिसून आलेला नाही. किरणोत्साराचा संपर्क हे त्याचे एक ज्ञात कारण आहे. हिरोशिमा व नागासाकी येथील अणुबॉम्बच्या स्फोटांतून वाचलेल्यांमध्ये या गाठींचे प्रमाण वाढलेले आढळले. बहुसंख्य रुग्णांत मात्र निश्चित कारण सांगता येत नाही. त्यामुळे “आमच्या घरात कोणी तंबाखूला शिवत नाही, मग ही गाठ कर्करोगाची कशी असेल?” हा युक्तिवाद फसवा आहे.

पहिल्या शस्त्रक्रियेचे महत्त्व

या रोगाचा मुख्य उपचार शस्त्रक्रिया हा आहे. विकिरणोपचार बहुधा तिच्या मागोमाग येतात. औषधोपचारांचा वाटा त्या मानाने मर्यादित आहे. म्हणूनच शस्त्रक्रियेच्या दर्जातील फरक रुग्णाच्या आयुष्यात थेट उतरतो.

चेहऱ्याचे स्नायू हलविणारी नस कवटीतून बाहेर पडते ती पॅरॉटिड ग्रंथीतच शिरते आणि तेथे तिच्या शाखा फुटतात. डोळे मिटणे, हसणे, घोट न सांडता पाणी पिणे हे सारे या शाखांवर अवलंबून असते. प्रशिक्षित शल्यचिकित्सक प्रथम ही नस शोधून काढतो, तिच्या शाखा एकेक करून मोकळ्या करतो आणि त्यानंतर ग्रंथीच्या निरोगी भागासह गाठ बाहेर काढतो. शस्त्रक्रियेपूर्वी नस व्यवस्थित काम करीत असेल आणि गाठीने तिला वेढले नसेल, तर ती वाचविण्याचा प्रयत्न केला जातो. नस काढावीच लागली, तर शरीराच्या अन्य भागातील नसेचा तुकडा जोडण्याची सोय मोठ्या केंद्रांत असते.

अनुभव नसलेल्या हातून घडणारी नेहमीची चूक म्हणजे गाठीवर छेद घेऊन ती कवचासह खरवडून काढणे. पॅरॉटिडमधील सर्वांत जास्त आढळणाऱ्या साध्या गाठीचे कवच अनेकदा अपुरे असते व तिचे सूक्ष्म कोंब त्याबाहेर गेलेले असतात. ते मागे राहिले की वर्षांनंतर त्याच जागी एकाऐवजी अनेक गाठी उगवतात. दुसऱ्या शस्त्रक्रियेत नस पूर्वीच्या व्रणात गुरफटलेली असते आणि तिला इजा होण्याचा धोका पुष्कळ वाढतो. मूळची साधी गाठ दीर्घकाळ राहू दिली तर तिच्यात कर्करोग उद्भवू शकतो, हेही लक्षात ठेवावयास हवे.

गाठ कर्करोगाची असेल तर चुकीची किंमत याहून मोठी असते. अपुऱ्या शस्त्रक्रियेनंतर रोग मागे राहतो. काही प्रकार नसांच्या कडेकडेने पसरत जातात. ॲडिनॉइड सिस्टिक नावाचा प्रकार तर दहा-पंधरा वर्षांनीही फुप्फुसात डोके वर काढू शकतो. तात्पर्य, पहिली शस्त्रक्रिया हीच सर्वांत चांगली संधी असते आणि ती पुन्हा तशीच मिळत नाही.

तफावत कोठे कोठे पडते

दोन प्रदेशांतील उपचारांत पडणारे अंतर चार टप्प्यांवर मोजता येते.

पहिला टप्पा वेळेचा. गाठ दिसल्यापासून तज्ज्ञाकडे जाईपर्यंत शहरातील रुग्णास काही आठवडे लागतात, तर दुर्गम भागात महिने किंवा वर्षे जाऊ शकतात. गडचिरोली जिल्ह्यातील सिरोंचा हे तालुक्याचे ठिकाण जिल्ह्याच्या मुख्यालयापासूनच सुमारे दोनशे किलोमीटरवर आहे आणि तेथून नागपूर गाठण्यास आणखी तितकेच नाही तरी बरेच अंतर कापावे लागते. रोजंदारीवरील कुटुंबाला असा प्रवास म्हणजे बुडालेली मजुरी आणि कर्ज.

दुसरा टप्पा निदानाचा. बारीक सुईने गाठीतील पेशी काढून तपासणे ही कमी खर्चाची पद्धत आहे. परंतु त्या पेशी पाहून निष्कर्ष काढणारा तज्ज्ञ लागतो. लाळग्रंथींच्या कर्करोगाचे वीसहून अधिक प्रकार असल्याने अनुभवी विकृतिशास्त्रज्ञासही हे निदान कठीण जाते. ज्या रुग्णालयात वर्षाकाठी अशी एखादीच काचपट्टी येते, तेथे चुकीची शक्यता वाढते.

तिसरा टप्पा शस्त्रक्रियेचा. तिचे विवेचन वर आलेच आहे.

चौथा टप्पा शस्त्रक्रियेनंतरचा. गाठ उग्र प्रकारची असेल, तिची कड पूर्ण निघाली नसेल, रोग नसेत किंवा मानेतील ग्रंथींत गेला असेल, तर विकिरणोपचार द्यावे लागतात. ते शस्त्रक्रियेनंतर सर्वसाधारणपणे सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हावेत अशी अपेक्षा असते आणि आठवड्यातील पाच दिवस याप्रमाणे सुमारे सहा आठवडे ते चालतात. यंत्र असलेल्या शहरात राहणाऱ्यास हे रोजचे येणे-जाणे ठरते. दूरच्या खेड्यातील रुग्णास मात्र ते दीड महिन्याचे स्थलांतर असते. टाके निघाल्यावर बरे वाटू लागलेला रुग्ण गावी परततो आणि उपचार अपुरे राहतात ते येथेच.

हे चित्र केवळ आपल्या देशापुरते नाही. कर्करोगाच्या शस्त्रक्रियेविषयी ‘लॅन्सेट ऑन्कॉलॉजी’ या नियतकालिकाने नेमलेल्या जागतिक आयोगाने 2015 मध्ये असे दाखवून दिले की, कर्करोगाच्या 80 टक्क्यांहून अधिक रुग्णांना कधी ना कधी शस्त्रक्रियेची गरज पडते, परंतु सुरक्षित, परवडणारी व वेळेवर होणारी शस्त्रक्रिया जगातील 25 टक्क्यांहूनही कमी रुग्णांच्या वाट्याला येते.

विरळ रोगाचे गणित

या तफावतीवर उपाय म्हणून प्रत्येक तालुक्यात अशा शस्त्रक्रियेची सोय करावी, अशी मागणी स्वाभाविकपणे पुढे येते. परंतु आकड्यांचा विचार केला असता ती रुग्णाच्या हिताची ठरत नाही.

लाळग्रंथींचा कर्करोग विरळ आहे. 2022 साली जगात कर्करोगाचे सुमारे दोन कोटी नवे रुग्ण नोंदले गेले असावेत असा अंदाज आहे. त्यांपैकी लाळग्रंथींच्या कर्करोगाचे सुमारे 55 हजार होते. डेन्मार्कसारख्या संपूर्ण नोंदणी असलेल्या देशात 1990 ते 2005 या काळातील रुग्णांचा अभ्यास झाला. त्यात दर लाख लोकसंख्येमागे वर्षाला सुमारे एक रुग्ण असे प्रमाण आढळले. हेच प्रमाण धरले, तर दोन-तीन लाख लोकसंख्येच्या तालुक्यात वर्षाला दोन-तीन रुग्ण होतील आणि एका शल्यचिकित्सकाच्या वाट्याला त्याहूनही कमी येतील. वर्षातून एकदा केलेल्या कामात हात बसत नाही, हे कोणत्याही कारागिराला सांगावे लागत नाही.

इंग्लंडमध्ये यावर जो मार्ग काढण्यात आला तो अभ्यासण्याजोगा आहे. नोव्हेंबर 2004 मध्ये तेथील ‘नाइस’ या संस्थेने डोके व मानेच्या कर्करोगासाठी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. मानेतील गाठी तपासण्यासाठी निराळे बाह्यरुग्ण विभाग असावेत. तोंड व घशाच्या कर्करोगाचे वर्षाला किमान 100 नवे रुग्ण पाहणाऱ्या, शल्यचिकित्सक, विकिरणतज्ज्ञ, विकृतिशास्त्रज्ञ व परिचारिका यांच्या संयुक्त पथकाकडे उपचार सोपवावेत. असे त्या सूचनांचे सार होते. तपासणीची सोय लोकांच्या जवळ न्यावी आणि शस्त्रक्रिया अनुभवी हाती एकवटावी, हे त्यामागील तत्त्व होय.

महाराष्ट्रातील स्थिती

महाराष्ट्रात प्रादेशिक असमतोलाची शास्त्रीय मोजणी करण्याचा प्रयत्न यापूर्वीच झालेला आहे. राज्य शासनाने 1983 मध्ये नेमलेल्या वि. म. दांडेकर समितीने 1984 मध्ये अहवाल सादर केला. तिने ज्या क्षेत्रांतील अनुशेष काढला त्यांत आरोग्यसेवेचाही समावेश होता.

कर्करोगाच्या बाबतीत राज्याला एक मोठा वारसा लाभला आहे. परळ येथील टाटा स्मारक रुग्णालय 28 फेब्रुवारी 1941 रोजी सुरू झाले आणि 1962 मध्ये ते अणुऊर्जा विभागाच्या अखत्यारीत आले. डोके व मानेच्या शस्त्रक्रियेत त्याने देशभर शिष्य घडविले. परंतु राज्याच्या एका टोकाला असलेल्या या केंद्रापर्यंत पोहोचण्यास पूर्व विदर्भातील रुग्णाला आठशे किलोमीटरांहून अधिक प्रवास करावा लागतो. सिंधुदुर्गातील अनेक रुग्ण गोव्यातील बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयाची वाट धरतात, तर नंदुरबारकडील रुग्णांना सुरत जवळ पडते. राज्याच्या सीमा रुग्णाला अडवीत नाहीत, अंतर अडविते.

ही दरी कमी करण्याच्या दिशेने काही पावले पडली आहेत. नागपूर येथे राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय आणि जामठा येथील राष्ट्रीय कर्करोग संस्था, छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय कर्करोग रुग्णालय आणि बार्शी येथे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय कार्यरत आहेत. 2012 मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय कर्करोग ग्रिडमध्ये देशातील 300 हून अधिक संस्था सहभागी झाल्या असून उपचारांच्या समान पद्धती ठरविणे हा तिचा एक प्रमुख उद्देश आहे.

पैशाअभावी शस्त्रक्रिया लांबणीवर पडू नये यासाठी 2012 मध्ये आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली. पुढील वर्षी ती राज्यभर लागू झाली आणि 2017 पासून ती महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना या नावाने ओळखली जाते. 2023 मधील निर्णयानुसार तिची व्याप्ती राज्यातील सर्व कुटुंबांपर्यंत वाढविण्यात आली व संरक्षणाची मर्यादा प्रति कुटुंब प्रतिवर्ष पाच लाख रुपये करण्यात आली. मात्र योजनेतून शस्त्रक्रियेचा खर्च भागला तरी दीड महिना परगावी राहण्याचा, सोबत्याच्या जेवणाचा आणि बुडालेल्या मजुरीचा भार कुटुंबावरच राहतो. मुंबईतील दादर येथील संत गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या संस्था हा भार हलका करतात. रेल्वेच्या शयनयान वर्गात उपचारासाठी जाणाऱ्या कर्करोग रुग्णास भाडे माफ असून सोबत्यास 75 टक्के सवलत मिळते. या सोयींची माहिती गावातच मिळाली तर पुष्कळ रुग्ण अर्ध्यावरून परतणार नाहीत.

बार्शीचा धडा

गावपातळीवरील जागृतीने खरोखर फरक पडतो काय, या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्रातच मिळालेले आहे. 1987 मध्ये बार्शी येथे देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी आणि आताच्या धाराशिव जिल्ह्यातील परांडा व भूम हे तालुके तिच्या कक्षेत होते. रुग्णालयांतील कागदपत्रांवर विसंबून भागणार नाही, हे ओळखून नोंदणीचे कर्मचारी स्वतः गावोगाव गेले. त्यांनी कर्करोगाची लक्षणे समजावून सांगितली आणि संशयित रुग्णांना तपासणीसाठी आणले. महागडी यंत्रे नसतानाही त्या भागात गर्भाशयमुखाचा कर्करोग पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत ओळखला जाऊ लागला, असे 1995 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. रोग निराळा असला तरी धडा तोच आहे. माणसे वेळेवर येऊ लागतात, ती त्यांच्याशी कोणीतरी त्यांच्या अंगणात बसून बोलल्यावर.

ग्रामपातळीवरील कर्तव्य

वरील विवेचनावरून कामाची विभागणी स्पष्ट होते. गाठ ओळखण्याचे काम गावात, निदानाचा प्रारंभ जिल्हा रुग्णालयात, शस्त्रक्रिया अनुभवी केंद्रात आणि त्यानंतरचा पाठपुरावा पुन्हा जिल्ह्यात.

आशा स्वयंसेविका व आरोग्यसेवक तोंडाची तपासणी करतात त्या वेळी टाळूवर नजर टाकावी आणि कानाखाली व जबड्याखाली हात फिरवून पाहावा. यास एका मिनिटाहून अधिक वेळ लागत नाही. शिक्षकांनी पालकसभेत गालगुंड व प्रौढांतील गाठ यांतील भेद सांगावा. ग्राम आरोग्य समितीने व ग्रामसभेने गाठीवर चुना, बिबा, डाग किंवा चिरा देण्याच्या प्रथांविरुद्ध लोकमत तयार करावे. अशा उपायांनी कातडी खराब होते आणि पुढील शस्त्रक्रिया अवघड बनते.

प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्याने संशयित गाठीवर छेद न घेता रुग्णास चिठ्ठीसह पुढे पाठवावे. शस्त्रक्रिया कोठेही झालेली असो, काढलेली गाठ तपासणीसाठी गेलीच पाहिजे. तिचा लेखी अहवाल, काचपट्ट्या व मेणातील ठोकळे रुग्णाने मागून घेऊन जपून ठेवावेत. दुसऱ्या केंद्रातील तज्ज्ञांना त्यांची फेरतपासणी करता येते आणि रुग्णाचा वेळ वाचतो. घरी परतलेल्या रुग्णाची नोंद उपकेंद्रात असावी व विकिरणोपचाराची तारीख चुकली तर कोणीतरी त्याच्या दारी जाऊन चौकशी करावी. पुढे अनेक वर्षे नियमित तपासणी चालू राहणे आवश्यक आहे.

सरपंच, ग्रामसेवक किंवा शिक्षक यांपैकी कोणालाही शस्त्रक्रिया करावयाची नाही. परंतु ती योग्य ठिकाणी होईल की नाही, हे पुष्कळदा त्यांच्या एका शब्दावर ठरते. “कानाखाली ही गाठ कधीपासून आहे?” एवढे विचारून रुग्णाला आठवड्याच्या आत जिल्हा रुग्णालयात पाठविणारा माणूस गावात असला, तर सिरोंच्यातील शेतमजूर आणि मुंबईतील नोकरदार यांच्यातील मोठे अंतर पहिल्याच पावलात कमी झालेले असेल.